खोड सांगा आधी

मी सरकारी कचेरीत दाखल्यांची पडताळणी करते. इतकी वर्षं हेच काम केल्यामुळे समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्यानं कागदात काय लपवलंय हे शोधायची खोड मला लागली आहे, आणि ती संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी येता येत नाही. भाजीवालीनं न मागता कोथिंबीर जास्त घातली तरी मी जुडी उलटून बघते. म्हणून घरात कुत्रं आणायचं ठरलं तेव्हा नवऱ्यानं सरळ हात वर केले. निवड तूच कर म्हणाला, नाहीतर कुत्रं आल्यावर वर्षभर त्याची चौकशी चालेल.

कुत्रं काही हौसेनं आणायचं नव्हतं. आदल्या वर्षी आमच्या सहा वर्षांच्या मुलाला कुत्री चावली होती. कसबा बावड्यातली आमची इमारत नवी. खालच्या पार्किंगमध्ये एक तांबडी कुत्री तीन पिल्लं घेऊन राहिली होती, आणि मला ती पहिल्या दिवसापासून नको होती. एका संध्याकाळी मुलगा रक्ताळलेला हात पोटाशी धरून जिन्यात उभा दिसला. दवाखान्यात जाताना रिक्षात त्यानं एकच धोशा लावला होता, तिला मारू नका, तिला मारू नका. पुढं आणखी काही बोलत होता. मी म्हटलं, भ्यालाय, बरळतोय. त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर जाऊन सह्या गोळा केल्या, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी टेम्पो बोलावून कुत्री आणि पिल्लं पंचगंगेच्या पुलापलीकडे, शिरोलीच्या बाजूला सोडायला लावली. चांगलं काम केलं असं मला वाटत होतं.

इंजेक्शनं झाली, हात भरून आला, पण पोरगं काही पूर्वीसारखं झालं नाही. खाली खेळायला जाईना. शाळेच्या गाडीपर्यंत जायचं तरी पार्किंगमधून डोळे घट्ट मिटून, माझी ओढणी धरून चालायचा. शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी सुचवलं की घरात एखादं लहान, शांत कुत्रं आणा, सवयीनं भीती जाईल.

मी वहीत कुत्र्यांच्या जाती लिहून रकाने आखले. पगचं नाक चपटं, आमच्या एप्रिलमध्ये धापा टाकत बसणार. डॅशंडची पाठ लांब आणि आमचे तीन जिने, म्हणजे पाठीचं दुखणं ठरलेलं. शिह त्झूचे केस रोज विंचरायचे कुणी? पॉमेरेनियन, म्हणजे पॉम, भुंकून शेजाऱ्यांशी भांडणं लावणार, शिवाय पॉम म्हणून भलतंच गळ्यात मारतात असं ऐकलेलं. शेवटच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता, मुलांना चावतं का? मोठ्या मुलीला यातलं कुठलंही चाललं असतं, फक्त आजच्या आज हवं होतं.

शहरातल्या दुकानदारानं सगळ्या रकान्यांना एकच उत्तर दिलं. कुठलंच चावत नाही, गॅरंटी. इतकी गॅरंटी देणाऱ्याकडून मी झाडूसुद्धा घेत नाही. फोनवर आणखी दोघा विकणाऱ्यांनी पिल्लांचे फोटो पाठवले. एक म्हणे सांगलीचा, दुसरा इचलकरंजीचा, पण दोन्ही फोटोंत सोफ्यावरचं कव्हर तेच, आणि त्याला पडलेलं भोकही तेच. दोघांनाही मी तसं कळवलं. एकानं उत्तर दिलं नाही, दुसऱ्यानं मला ब्लॉक केलं.

हे सगळं सासरे शेजारी बसून ऐकत होते. त्यांच्या तरुणपणी पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की पारख करायला यांना नेत. त्यांचं म्हणणं, जात काय बघत बसलीस, खोड विचार. बैलबाजाराचा रिवाजच होता तसा. दावं दुसऱ्याच्या हातात देण्याआधी विकणाऱ्यानं जनावराची खोड आपल्या तोंडानं सांगायची. लाथ मारतो, जुवाखाली बसतो, पाणी बघून अडतो, जे असेल ते. लपवलं आणि मागाहून निघालं, तर जनावर परत आणि त्या माणसाशी पुन्हा कुणी व्यवहार करत नसे. मला हसू आलं. विकणारा आपल्या मालाचं वाईट सांगेल, हे मी कुठल्याच कागदावर पाहिलेलं नव्हतं.

जयसिंगपूरच्या एका बाईंचा पत्ता कचेरीतल्या शिपायानं दिला. घरात शिलाईकाम करतात, पांढरी पॉम आहे, तिला पिल्लं झालीत. एका रविवारी सासरे आणि दोन्ही मुलांना गाडीत घालून मी निघाले. नवरा ड्यूटीवर होता.

बाई मशीनवर बसल्या होत्या. मी आल्या आल्या पिल्लांची आई दाखवा म्हटलं, कारण दाखवायला दुसरीच कुत्री आणून उभी करतात. त्यांनी आणली ती अंगावर पाजणारी होती, हे मी खाली वाकून बघून घेतलं. पिल्लाच्या पाठीमागं टाळी वाजवून ऐकू येतं का तपासलं. मग सासऱ्यांनी पिल्लाचं तोंड उघडून दात बघितले, त्याला चार पावलं चालवलं आणि कपाळावरचे केस उलटेसुलटे करून बैलाचा शोधावा तसा भोवरा शोधला. बाई हे सगळं मशीनवरून गंमत बघावी तसं बघत होत्या. मुलगा आधी दाराशी होता, तो हळूहळू सरकत पिल्लांपासून दोन हातांवर उकिडवा बसला. डोळे उघडे होते. हे माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

भोवरा बघून झाल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "खोड काय हाय?"

बाईंनी मशीन थांबवलं. आधी म्हणाल्या की हे पॉम न्हवंच, स्पिट्झ म्हणतात याला, लोक पॉम म्हणून खपवतात. भुंकतं लई. ताटातलं उचलतं. खाताना हात घातला, नाहीतर पिल्लू उचललं, तर याची आई चावते, तसं हे पण चावेल. न चावणारं कुत्रं पाहिजे असेल तर बाजारात कापसाचं मिळतं.

इतकं खरं बोलणारी बाई बघून उलट मला जास्तच संशय आला.

मग त्या म्हणाल्या, "आता तुमच्याकडची सांगा. पिल्लू पोरांत जाणार हाय. पोरांची खोड काय?"

मला राग आला. घेणारे आम्ही, आणि चौकशी आमची? मी सासऱ्यांकडे बघितलं, ते माझी बाजू घेतील म्हणून. ते म्हणाले, "विचारतीया ते बरोबर हाय."

मी सांगायला तोंड उघडलं, की माझी मुलं शांत आहेत, उलट याच्यावरच कुत्र्यानं... तेवढ्यात मुलगा खाली बघत बोलला.

"मी त्या तांबडीचं पिल्लू दप्तरात घातल्यालं. चेन लावली. ते ओरडाय लागलं म्हणून ती चावली."

बाईंनी त्याला विचारलं की घरी हे सांगितलं का नाही.

"रिक्षात सांगत होतो की. मम्मी म्हणली, गप, कायबी बोलू नको."

"मग आता कुत्र्याला भितोस?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. "तिला कुठं नेलंय ते कुणीच सांगत न्हाय. पार्किंगमधली ती जागा मला बघू वाटत न्हाय."

मी तिथंच पाटावर बसले. रोज शंभर माणसांचे कागद उलटेपालटे करून बघणारी मी, माझ्याच पोरानं दिलेला एक जबाब मी ऐकूनसुद्धा घेतला नव्हता. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही. मुलाला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण तो पिल्लांकडे बघत होता आणि मला हात पुढं करायचं धाडस झालं नाही.

बाईंनी पिल्लू दिलं नाही. चार रविवार पोराला घेऊन या, इथं बसू दे, मग बघू, म्हणाल्या. सासऱ्यांनी त्यांना हात जोडले. बैलबाजारातसुद्धा त्यांनी कुणाला हात जोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

परतताना शिरोली मागं पडली आणि पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. मुलाला म्हटलं, इथं सोडलं होतं तिला. मी सोडायला लावलं होतं. तो उतरला. रस्त्याकडेला चहाची गाडी होती, तिच्याभोवती चार-पाच कुत्री पडली होती. काळी, ठिपक्यांची, एक लंगडणारं. तांबडी नव्हती.

मी चहावाल्याला विचारलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी लोकांना बघते तसंच.

"व्हती एक, पिल्लं घिऊन. कवा दिसती, कवा न्हाय. कशाला पायजे, ताई? चावलीया व्हय कुणाला?"

मुलानं हातात धरलेली माझी ओढणी सोडली आणि माझ्याकडे बघितलं. मी काय सांगते ते त्याला ऐकायचं होतं.

"चावली होती," मी म्हणाले, "पण खोड आमच्याकडची होती."

चहावाल्याला त्यातलं काही कळलं नाही. मुलगा गाडीकडे गेला, डब्यात उरलेली चपाती घेऊन आला, आणि तिचे तुकडे करून त्या चार-पाच कुत्र्यांपुढे एकेक ठेवू लागला. मी त्याला ये म्हणून हाक मारली नाही. त्याचं होईपर्यंत तिथंच उभी राहिले.