हातावरचं नाव

आईने कळशी नळाखाली लावली. मागून एक बाई म्हणाली, "अंगावर चिंधी न ठेवता बसायची हिला लाज नाही, रांगेत घुसायची काय असणार!" अख्खी रांग हसली. मी सात वर्षांची होते. आई रांगेत घुसली नव्हती.

ती मुंबईतल्या एका आर्ट कॉलेजात मॉडेल म्हणून बसायची. बाप सोडून गेलेला. कुसुममावशीही तिथलीच मॉडेल. दोघी एका खोलीत राहिल्या, एका ताटात जेवल्या. त्यांनी मला वाढवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली नाही. आधी त्या दोघी गेल्या. मी कपडे घालून, वही घेऊन गेले, म्हणून डिग्री मला मिळाली.

कलेचा इतिहास शिकले. आता नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या एका छोट्या संग्रहालयात नोकरी करते. मागच्या वर्षी तिथे भारतातून चित्रं आली. एक पेटी उघडली आणि समोर आई. शेजारी मावशी. उघड्या, खांद्याला खांदा लावून. हातांवरचं गोंदण स्पष्ट.

चित्राखालची पाटी लिहायला इथेच स्थायिक झालेले एक सर बोलावले होते. मूळचे पुण्याचे, आयटीतून निवृत्त, कलेचे जाणकार. त्यांनी लिहिलं: डावीकडे कुसुम, उजवीकडे शांता. दोन बहिणी.

"सर, उलटं झालंय. डावीकडची शांता. माझी आई आहे ती."

"अगं, हातावर वाच की. 'कुसुम' लिहिलंय. जत्रेत हरवायला नको म्हणून हे लोक स्वतःचं नाव गोंदवून घेतात."

हे लोक.

"आमच्या बायका नवऱ्याचंही नाव गोंदवतात, सर. या दोघींनी एकमेकींचं गोंदवलं. बहिणी नव्हत्या त्या. जोडपं होतं."

सर आमच्या क्युरेटरकडे, अन्नेकेकडे वळले. इंग्रजीत म्हणाले, "वस्तीतल्या अडाणी बायका. त्यांना असलं काही ठाऊकही नसतं. ही मुलगी इथली फॅशन त्यांच्यावर लादतेय." मग मला हळूच, मराठीत: "आईची अब्रू तरी ठेव, बाळा."

माझ्या कानात नळावरची रांग पुन्हा हसली.

याच सरांकडे दिवाळीच्या फराळाला मी सोफीला घेऊन गेले होते. सहा वर्षं आम्ही एकत्र राहतोय. "माझी रूममेट," म्हणाले होते. सरांनी आईच्या माणसाला बहीण केलं. मी माझ्या माणसाला भाडेकरू केलं. फरक काय?

बाहेर सायकलींपाशी उभी राहून आईला फोन लावला. "तुझं नि मावशीचं खरं लिहू का? लोक वाचतील."

आई म्हणाली, "चित्र काढलं तेव्हा कुणी विचारलं नाही. तू विचारतेस. लिही. तिचं नाव आधी घाल. ती गेली, तिला आता सांगता येत नाही."

तिने लगेच फोटो पाठवला. तिचा चेहरा, त्याला टेकवलेला सुरकुतलेला हात. हातावर 'कुसुम'.

मी आत जाऊन फोन टेबलावर ठेवला. "ही माझी आई, शांता." अन्नेकेने फोटो पाहिला, चित्र पाहिलं आणि सरांच्या मजकुरावर काट मारली.

"हे शोभत नाही," सर म्हणाले.

"त्या जत्रेत हरवल्या नव्हत्या, सर. तुमच्या पाटीवर हरवल्या होत्या."

उद्घाटनाला सोफीचा हात धरून गेले. सरांसमोर थांबले. "सर, मी खोटं बोलले होते. ही रूममेट कधीच नव्हती."

पाटी लागली आहे. अक्षरं मी माझ्या हाताने चिकटवली. कुसुम आणि शांता. जोडीदार. व्यवसाय: मॉडेल. चित्रकाराचं नाव त्याखाली.