मुनिराजूची उंची आणि आमच्या टीमचा हंगाम

विषय : कारखान्याच्या बास्केटबॉल टीमकडून आगामी हंगामात बाळगावयाच्या अपेक्षा.

संदर्भ : आनेकल येथील श्री. मुनिराजू यांचा, नोकरीत कायम करण्याविषयीचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन असे की, किस्से आणि फायली यांची वाढ एकाच पद्धतीने होते. दोन्ही कुणी मागवलेले नसतात, आणि नष्ट करायची वेळ आली की सही करायला कुणी तयार नसतं. मी आस्थापना विभागात कारकून होतो. निवृत्त होताना फायली दुसऱ्याच्या ताब्यात देऊन पोच घेतली. किस्से कुणी ताब्यात घेतले नाहीत, म्हणून ते इथे देतो आहे.

राजाजीनगरच्या पलीकडे आमचा कारखाना. कॅन्टीनच्या मागे सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट होतं आणि त्याच्या कडेला ड्रेनेजसाठी आणलेले मोठे पाइप पडले होते. ड्रेनेजचा आराखडा बदलला, पाइप राहिले. जनरल शिफ्ट सुटली की आम्ही पाचसहा कारकून त्या पाइपांवर बसून टीमचा सराव बघायचो. टीम तशी प्रोफेशनल होती. म्हणजे खेळाडूंना पगार मिळायचा. हजेरीपटावर कुणी फिटर होता, कुणी डिस्पॅच क्लार्क, पण दुपारनंतर त्यांनी फक्त खेळायचं. पगार घेऊन काम न करणारे कारखान्यात इतरही पुष्कळ होते. ही मंडळी निदान धावायची.

टीम ‘बी’ डिव्हिजनमध्ये होती. त्याच्या वर ‘ए’ डिव्हिजन असते, हे आम्ही पेपरात वाचायचो.

*

अकाउंट्सचे हेडक्लार्क शेषाद्री अण्णा हुद्द्याने आमच्यातले ज्येष्ठ. पाइपांवरची चर्चा हवेत विरते, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी एक रजिस्टर घातलं. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने त्यात आपली अपेक्षा लिहायची आणि खाली सही करायची. हंगाम संपला की अपेक्षा आणि निकाल शेजारी शेजारी ठेवून आढावा.

पहिल्या वर्षी मंडळींनी पानभर लिहिलं. दुसऱ्या वर्षी अण्णांनी स्वतःच लिहिलं, ‘गतवर्षीप्रमाणे’. हा शब्द एकदा कारकुनाच्या हाती लागला की सुटत नाही. त्यापुढे दहा वर्षं सगळ्यांनी तेच लिहिलं.

मग पुण्याहून केतकर नावाचा तरुण प्रोग्रॅमर कारखान्यात आला आणि संध्याकाळी पाइपांवर येऊन बसू लागला. अण्णांनी रजिस्टर पुढे केलं. केतकरने ते चाळलं आणि मला विचारलं, “काका, पण हे गतवर्षी म्हणजे नेमकं काय?”

आम्ही पहिलं पान उघडलं. ते वाळवीने खाल्लं होतं. म्हणजे आम्ही दहा वर्षं नेमकी कशाची अपेक्षा करत होतो, हे सांगणारा एकही कागद शिल्लक नव्हता.

अण्णांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, “जे काही असेल, ते पूर्ण झालेलं नाही एवढं नक्की.”

(अण्णा कन्नडमध्ये बोलायचे. इथलं मराठी माझं, शहाणपण त्यांचं.)

*

केतकर कॉम्प्युटर सेक्शनमध्ये होता. कारखान्यातली एसी असलेली ती एकमेव खोली. चपला बाहेर काढूनच आत जावं लागे, त्यामुळे अण्णा तिला गाभारा म्हणायचे. केतकरने मागच्या तीन हंगामांचे सगळे निकाल यंत्रात भरले आणि एके दिवशी कडेला भोकं असलेल्या कागदाची भलीमोठी घडी घेऊन कोर्टावर आला. ती उलगडली तर दोन पाइप झाकले गेले. निष्कर्ष असा की, आगामी हंगामात आपला नंबर आठात सहावा.

अण्णा म्हणाले, “हे आम्ही पाइपवर बसून सांगत होतो. तुझ्या यंत्राला विचार, करायचं काय?”

दुसऱ्या दिवशी केतकर एकच कागद घेऊन आला. त्यावर होतं की, आपली टीम बास्केटखाली मार खाते. एक उंच माणूस हवा.

अण्णांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, “एवढ्यासाठी एसी लागतो?”

*

पण कागद त्यांच्या खिशातच राहिला. पुढच्याच महिन्यात ते आनेकलला एका लग्नाला गेले. मांडवाच्या दारात आंब्याची पानं बांधायचं काम चाललं होतं. बाकीचे स्टुलावर चढून बांधत होते, एक पोरगा जमिनीवर उभा राहून. अण्णा पंगतीतून उठले. लग्नाच्या पंगतीतून अण्णा उठले, यावर त्यांच्या घरच्यांचा अजूनही विश्वास नाही.

“बास्केटबॉल खेळतोस का?” त्यांनी विचारलं.

“कबड्डी खेळतो,” तो म्हणाला.

“सरी. स्वल्प फरक आहे,” अण्णा म्हणाले. (सरी म्हणजे ठीक आहे.)

हा मुनिराजू. त्याला टेंपररी हेल्पर म्हणून घेतलं आणि आमच्या कोच डिसोझांच्या हवाली केलं. तो रोज आनेकलहून बसने यायचा. बसच्या टपाला डोकं लागतं म्हणून सगळा प्रवास मान वाकडी करून उभा राहायचा आणि उतरल्यावरही अर्धा तास ती मान तशीच असायची. डिसोझांचा समज झाला की, हा मुलगा आपलं बोलणं फार लक्ष देऊन ऐकतो. त्यामुळे त्यांनी त्याला सगळं दोनदोनदा शिकवलं. सहा महिन्यांत तो आमच्या सगळ्या टीमपेक्षा बरा खेळू लागला.

*

आमच्या कॅन्टीनचं दार जुन्या शेडचं, बुटकं. मुनिराजूने पहिल्या आठवड्यात तीनदा डोकं आपटून घेतलं. सिव्हिल विभागाकडे तक्रार गेली. दार उंच करणं त्यांच्या अधिकारात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी दाराच्या वर पाटी लावली : ‘डोके सांभाळा’. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत.

त्याआधी मुनिराजू कधी कधी आपटायचा. आता तो वर बघून पाटी वाचू लागला आणि रोज आपटू लागला.

*

आता मूळ अर्जाकडे येतो.

लीगचा नियम असा की, कारखान्याकडून फक्त कायम नोकरांनी खेळायचं. मुनिराजू टेंपररी. तेव्हा खेळाडूंच्या कोट्यातून आपल्याला कायम करावं, असा त्याने अर्ज केला. घरी आईवडील, दोन बहिणी आणि न पिकणारी थोडी जमीन होती. त्याच्या लेखी बास्केट ही नोकरीच्या दाराला लावलेली घंटी होती. आमच्या लेखी तोच आगामी हंगाम होता.

अर्जाबरोबर कारखान्याच्या दवाखान्याचा उंचीचा दाखला लागतो. दवाखान्यातली भिंतीवरची मोजपट्टी सहा फुटांना संपत होती. डॉक्टर कामत प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं, ‘सहा फूट व त्याहून अधिक’.

फाइल माझ्या टेबलावर आली. मी चष्मा पुसला आणि शेरा मारला : ‘“व त्याहून अधिक” म्हणजे नेमके किती, याचा खुलासा व्हावा.’ आणि फाइल परत पाठवली.

हे मी काही विचार करून केलं, असं नाही. पेन हातात होतं.

संध्याकाळी पाइपांवर गेलो तर मला जागा देण्यासाठी कुणी सरकलं नाही. अण्णा म्हणाले, “हुक्केरीकर, संध्याकाळी तुम्ही टीमचे. दिवसा कुणाचे?”

मी समजावून सांगितलं की, मी जाऊ दिली असती तरी वरच्या साहेबांनी ती फाइल हमखास परत पाठवली असती.

“मग त्यांना पाठवू द्यायची होती,” अण्णा म्हणाले.



*

डॉक्टरांनी प्रयत्न सोडला नाही. त्यांनी मुनिराजूला दोन हप्त्यांत मोजलं. कमरेपर्यंत उभा करून आणि कमरेच्या वर स्टुलावर बसवून. बेरीज सात फूट दहा इंच आली. स्टूल वजा करायचं राहून गेलं होतं.

मग शिंप्याची टेप आणली. पण ती प्रमाणित उपकरणांच्या यादीत नव्हती.

शेवटी दवाखान्याने खरेदी विभागाकडे नवी मोजपट्टी मागितली. खरेदी विभागाने रीतसर विचारलं : किती उंचीची हवी? दवाखान्याने कळवलं : मुनिराजू यांची उंची मोजता येईल इतकी. खरेदी विभागाने उलटटपाली कळवलं : तरी मुनिराजू यांच्या उंचीचा दाखला सोबत जोडावा.

हा पत्रव्यवहार चालू असताना हंगाम सुरू झाला.

*

हंगामाच्या आदल्या दिवशी अण्णांनी रजिस्टर काढलं. आम्ही सगळ्यांनी ‘गतवर्षीप्रमाणे’ लिहिलं. मुनिराजूला खेळता येणार नव्हतं, त्यामुळे तोही आमच्यात पाइपवर बसला होता. अण्णांनी रजिस्टर त्याच्यापुढे धरलं. त्याला गतवर्ष नव्हतं. त्याने बराच विचार करून लिहिलं, ‘कायम होणे’.

केतकर म्हणाला की, इथे टीमबद्दल लिहायचं असतं. मुनिराजूने पेन परत घेतलं आणि पुढे लिहिलं, ‘टीममध्ये’.

त्या हंगामात आमचा नंबर आठात सहावा आला. केतकरने दोन दिवस कुणाशी बोलणं टाळलं. आपला अंदाज बरोबर आल्याची एवढी लाज वाटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात मारतहळ्ळीच्या बाजूच्या एका कारखान्याने मुनिराजूला बोलावलं. ‘बी’ डिव्हिजनमधलीच टीम. पंधरवड्यात कायमची ऑर्डर हातात ठेवली. तो ती दाखवायला आमच्याकडे आला. पेढेही आणले होते. आम्ही ऑर्डर आळीपाळीने वाचली. मी दोनदा वाचली, कुठे चूक सापडते का म्हणून. नव्हती.

“त्यांच्याकडे केवढी मोजपट्टी आहे?” मी विचारलं.

“मोजलंच नाही सार,” मुनिराजू म्हणाला. “दारातून आत येताना बघितलं.”

अण्णांनी पेढा उचलला आणि माझ्याकडे बघितलं.  

त्या हंगामात त्यांची टीम आमच्या कोर्टावर आली आणि आम्हाला बदडून गेली. निम्मे गुण मुनिराजूचे. मध्यंतरात त्याचे नवे सहकारी सावलीत जाऊन बसले आणि तो सवयीने आमच्या पाइपांवर येऊन बसला. त्याची जागा कुणी घेतली नव्हती. अण्णांनी आपल्या कॉफीतली अर्धी त्याला दिली आणि सांगितलं की, आमचा डाव्या बाजूचा गडी दमलाय, तिकडून घुस. तो तिकडून घुसला. त्याने बास्केट केली की आम्ही टाळ्या वाजवायचो. डिसोझा रागाने बघायचे, मग तेही वाजवायचे.

ते ‘ए’ डिव्हिजनमध्ये गेले. आमच्या रजिस्टरात पुढच्या वर्षी ‘गतवर्षीप्रमाणे’.

*

माझ्या निवृत्तीला दीड महिना राहिला असताना दवाखान्यात नवी मोजपट्टी आली. खरेदी विभागात नवीन साहेब आले होते आणि त्यांनी दुकानात फोन करून विचारलं होतं. बाजारात दोनच मापं मिळतात, सहा फुटी आणि सात फुटी. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

मी मुनिराजूची फाइल काढली. ती उघडी होती. अर्ज मागे घेतलेला नव्हता, नामंजूर झालेला नव्हता. मी पत्र तयार केलं : ‘उंची मोजण्यासाठी आपण येत्या सोमवारी दवाखान्यात हजर राहावे.’ आणि आनेकलच्या पत्त्यावर पाठवलं.

अण्णांना कळल्यावर ते म्हणाले, “आता कशाला?”

“फाइल उघडी आहे,” मी म्हणालो.

सोमवारी मुनिराजू आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, त्यांच्या कारखान्याच्या नावाचा ट्रॅकसूट घालून. कॅन्टीनच्या दाराखालून वाकून आला, पाटीकडे बघितलं नाही. दवाखान्यात त्याने बूट काढले, टाचा भिंतीला टेकवल्या आणि मान सरळ केली. अण्णा, केतकर, डिसोझा, सगळे दारात उभे होते. कामतांनी पट्टीवरची फळी खाली सरकवली आणि मोठ्याने वाचलं : सहा फूट साडेचार इंच. आकड्यात लिहिलं, अक्षरात लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

मुनिराजूने तो दाखला स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी सगळे कागद क्रमाने तपासले. तो समोर उभा होता.

“सार, आता सरी?”

“सरी,” मी म्हणालो.

त्याने बूट घातले आणि मारतहळ्ळीच्या बसला गेला. संध्याकाळी त्याची मॅच होती.

त्याच दुपारी, कोणताही शेरा न मारता, मी फाइल वर पाठवली. पुढच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त झालो. अण्णा माझ्यामागून झाले. रजिस्टर आता केतकरकडे असतं. या हंगामाची माझी अपेक्षा काय लिहू, असं विचारायला तो परवा राजाजीनगरला घरी आला होता. मी त्याला ‘मुनिराजूप्रमाणे’ असं लिहायला सांगितलं. तो निघताना मी मुनिराजूच्या अर्जाची चौकशी केली.

सदर अर्ज विचाराधीन आहे.