समुद्राकडं पाठ करून

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी विद्यार्थी झालो, तोही परदेशात. वीसेक वर्षं शेतकी कॉलेजात मुलांना मातीविषयी शिकवल्यावर मलाच पुढचं शिकायला वर्षभर स्कॉटलंडला पाठवायचं ठरलं. कोल्हापूरला, कळंब्याच्या आमच्या घरासमोर गाडीत बॅगा चढत असताना आव्वा (आमच्याकडं आईला म्हणतात) सगळ्यांदेखत म्हणाली, "माती बघायला इमानानं चाललास व्हय? हातकणंगल्याच्या रानात काय कमी हाय?" मी बॅगा मोजायला लागलो. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चटणीच्या इतक्या पुड्या भरल्या होत्या की स्वेटर हातात घेऊन निघावं लागलं. आणि गाडी सुटताना आव्वानं खिडकीतून एकच सांगितलं, दिवस मावळायच्या आत जेवत जा.

आम्ही जैन. पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेलं घर. रात्री जेवायचं नाही हा नियम मी जन्मभर पाळला, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. सहा वाजले की ताट समोर यायचं, मी जेवायचो. नियम पाळायला ताट वाढणारं माणूस लागतं, हे मला ॲबर्डीनला पोचल्यावर कळलं.

ॲबर्डीन हे करड्या दगडाचं शहर. घरं करडी, आभाळ करडं, समुद्रही करडा. पाऊस थांबून ऊन आलं की दगडातले कण चमकतात आणि सगळं शहर घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखं लखलखतं. ते बघायला खिडकी उघडावी तर पाऊस पुन्हा सुरू झालेला असतो.

वर्गात सगळी पंचविशीतली पोरं. मला ती 'प्रोफेसर' म्हणायची, त्यात आदर किती आणि थट्टा किती ते मी तपासलं नाही. दर शनिवारी त्यांची कुठंतरी सहल असायची. पहिल्या सहलीला आम्ही लॉख नेसला गेलो. लॉख म्हणजे तळं. त्या तळ्यात एक अजस्र प्राणी राहतो म्हणतात आणि तो बघायला जगभरातून माणसं येतात. मी रंकाळ्यावर वाढलेला माणूस, तळं दिसलं की डोळे आपोआप भेळेची गाडी शोधतात. ना प्राणी दिसला, ना भेळ. पण काळं, खोल, दोन डोंगरांच्या मधे आडवं पडलेलं ते पाणी बघून मी भेळ विसरलो. माझ्यासारखा माणूस भेळ विसरला म्हणजे जागा चांगलीच असणार.

सप्टेंबरात दिवस मोठा होता, सगळं जमून गेलं. घोटाळा नोव्हेंबरात सुरू झाला. तिकडं हिवाळ्यात दुपारचा चहा प्यायची वेळ होते आणि सूर्य मावळतो. पोरांची सहल संपायची अंधारात, एखाद्या पबमधे, जेवणाच्या टेबलावर. मी त्यांच्यात पाण्याचा ग्लास घेऊन बसायचो. ग्लासात दारू नाही म्हणून वाढणारी पोरगी मला गाडीचा ड्रायव्हर समजायची. पोरांना माझ्यासमोर खायला अवघड व्हायचं आणि मला त्यांचं अवघडलेपण बघायला.

मग एका शनिवारी त्यांनी विचारलं, येणार का? मी म्हणालो, "नको, तुम्ही जा." आता कोल्हापुरात 'नको' म्हणजे बोलण्याची सुरुवात असते. समोरच्यानं 'असं कसं, चला की' म्हणायचं, आपण पुन्हा 'नको' म्हणायचं, मग त्यानं दंडाला धरून ओढायचं आणि आपण चप्पल घालायची. पोरं 'ओके' म्हणाली आणि गेली. मी दारात उभा. पुढच्या शनिवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. नाही म्हणणाऱ्या माणसाचं त्यांनी ऐकलं होतं.

आता वर्षभर एकट्यानंच जेवायचं की काय, हा विचार मला थंडीपेक्षा जास्त झोंबायला लागला. घरी फोनवर मात्र मी किल्ल्यांची वर्णनं सांगायचो.

डिसेंबरात एका शनिवारी मी एकटाच स्टोनहेवनला गेलो. ॲबर्डीनहून आगगाडीनं जवळच असलेलं बंदराचं छोटं गाव. गावाबाहेर समुद्रात घुसलेल्या कड्यावर डनॉटर नावाचा पडका किल्ला आहे. कड्याच्या तिन्ही बाजूंनी लाटा आपटतात आणि वर गवतावर वारा माणसाला उभं राहू देत नाही. मी टोपी धरून किल्ला बघितला, म्हणजे बहुतेक वेळ टोपीच बघितली. पन्हाळ्याच्या एका कोपऱ्यात हा मावेल असं मनातल्या मनात म्हणून घेतलं आणि खाली बंदरावर आलो.

बंदरात लहान होड्या एकमेकींना घासत उभ्या होत्या. धक्क्याजवळच्या बाकावर बसून मी डबा काढला. चार चपात्या आणि मटकीची उसळ, वर सुनंदाची चटणी. समुद्र पूर्वेला, सूर्य मावळणार गावामागच्या टेकडीआड. तो अजून हातभर वर होता. तो दिसावा म्हणून मी बाकावर वळून, समुद्राकडं पाठ करून बसलो.

एक म्हातारा काठी टेकत आला आणि शेजारी बसला. थोडा वेळ त्यानं माझ्याकडं बघितलं, मग काठीनं मागं दाखवत म्हणाला, "समुद्र तिकडं आहे."

मी म्हणालो, मला माहीत आहे, मी सूर्यावर लक्ष ठेवून आहे. हे ऐकून त्यानं मला वेड्यात काढायला हवं होतं, पण तो म्हणाला, बरोबर आहे, इथं ठेवावंच लागतं. त्याचं इंग्रजी मला अर्धं कळत होतं, माझं त्याला पाव. त्याचं नाव डग्लस. जन्मभर बस चालवली होती. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. कितीतरी दिवसांत माझ्याशी कुणी हवामान सोडून दुसऱ्या विषयावर बोललं नव्हतं.

डबा मांडीवर उघडा. शेजारी माणूस बसलेला. अशा वेळी कोल्हापूरचा माणूस काय करतो? मी डबा पुढं केला आणि म्हणालो, "घ्या की."

आपल्याकडं यावर 'नको नको, तुम्ही जेवा' असं येतं. निदान दोनदा तरी येतं. डग्लसनं हातमोजा काढला आणि चपाती घेतली.

त्याला ती आवडली. उसळ कशी उचलायची ते मी दाखवलं. चटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसून त्यानं पुन्हा चटणीला बोट लावलं. आता पावणा जेवत असताना घरच्यानं तोंडात घास घालायचा नाही, ही आमची रीत. बाक म्हणजे माझंच घर असल्यासारखा मी बसलो आणि म्हणालो, आणखी घ्या. त्यानं घेतली. मी पुन्हा म्हणालो, त्यानं पुन्हा घेतली. मला वाटत होतं आता पुरे म्हणेल. त्याला वाटत असावं, हा माणूस एवढं म्हणतोय तर नाही कसं म्हणायचं. एकीकडं तो बायकोच्या बार्लीच्या सूपविषयी सांगत होता. ती गेल्यापासून सूप दुकानातलं, डबाबंद आणतो, अर्धं उरतं, असं म्हणाला. मी मधेच टेकडीकडं बघितलं. सूर्य घरांच्या धुराड्यांना टेकला होता.

एक चपाती उरली होती. तेवढी आपण खाल्ली असती तर नियम राहिला असता आणि पोटही. पण सुपाची गोष्ट अर्ध्यात होती आणि डब्याकडं त्याची नजर गेली होती. मी म्हणालो, "घ्या, संपवा."

त्यानं ती खाल्ली, डबा रुमालानं पुसून माझ्या हातात दिला आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"तू काहीच खाल्लं नाहीस."

"माझं झालंय मघाशीच," मी म्हणालो.

धुराड्यांच्या मागं नुसती लाली उरली होती. परतफेड म्हणून त्यानं टपरीवरून चहा आणला. मला आता चहाही चालणार नव्हता, म्हणून मी कप धरून हात शेकले. गार झालेला कप तसाच घेऊन स्टेशनपर्यंत चालत गेलो. गाडीत पोट कुरकुरत होतं आणि मी कारण नसताना खिडकीत बघून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी फोनवर आव्वाला सगळं सांगितलं. मला वाटलं, उपाशी राहून नियम पाळला म्हणून पोराचं कौतुक होईल. ती म्हणाली, "त्येला उसळ आवडली न्हवं?" मी म्हणालो, आवडली. "मग चारच चपात्या कशाला न्हेल्यास? शेजारी कोन बसनार न्हाय असं धरूनच निघालास व्हय?"

यावर मी, फोन नीट लागत नाही, ऐकू येत नाही, असं काहीतरी पुटपुटलो.

त्यानंतर डबा दोघांचा न्यायला लागलो. पण परीक्षा आल्या, बर्फ आला, स्टोनहेवनला जाणं जमलं ते थेट जूनमधे. तेव्हा तिकडं सूर्य मावळायचं नाव घेत नाही, आपल्याकडची माणसं झोपायला लागतात त्या वेळेपर्यंत लख्ख उजेड. बंदर पर्यटकांनी भरलेलं. मी आठ चपात्या घेऊन त्याच बाकावर बसलो. दुपार गेली, चहाची वेळ गेली, डग्लस आला नाही. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, तो वसंतात मुलीकडं गेला राहायला, दक्षिणेला कुठंतरी. मी तिच्यापुढं डबा केला. ती गोड हसून 'नो, थँक्यू' म्हणाली. मी पुन्हा म्हणायच्या आत कुत्र्यानं तिला ओढून नेलं.

जेवायला एवढा मोठा दिवस मला त्या देशात दुसरा मिळाला नव्हता. टेकडीवर सूर्य खिळा मारून टांगल्यासारखा. मी समुद्राकडं तोंड करून बसलो, सावकाश चार चपात्या खाल्ल्या, आणि उरलेल्या चार परत नेल्या.

सप्टेंबरात घरी आलो. लोकांनी विचारलं, काय काय बघितलंस. मी किल्ले सांगितले, ते पन्हाळ्याच्या पासंगालाही पुरत नाहीत हेही सांगितलं, सगळ्यांना बरं वाटलं. डग्लसची गोष्ट घरच्यांखेरीज कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? एका माणसानं चार चपात्या खाल्ल्या.

आठवडाभरानं संध्याकाळी दूध घेऊन येत होतो. आमच्या गल्लीतले मगदूम अण्णा व्हरांड्यात ताटावर बसले होते. आपण म्हणतो तसं तेही म्हणाले, "या सर, जेवाय." मी म्हणालो, "आलो." चप्पल काढली, दुधाची पिशवी खुंटीला लावली आणि त्यांच्या शेजारी मांडी घातली.

अण्णांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी आत बघून "सर बसल्यात" एवढंच सांगितलं. आत भांडी वाजली, परातीत पीठ पडल्याचा आवाज आला. वहिनींनी तव्यावरची पहिली चपाती आणून वाढली. पुढं फाटकाशी सुनंदा दिसली. घरी माझं ताट वाढून ती मला बघायला आली होती. मला तिथं बसलेला बघून तिनं कपाळावर हात मारला. अवो, ती म्हणायची रीत असती, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

अण्णा उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भावाशी काय वाजलं ते सांगायला लागले. गोष्ट लांबलचक होती. वहिनी म्हणाल्या, "आनि एक घ्या." मी घेतली. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा घेतली. बाहेर दिवस होता की बुडाला होता, ते बघायचं राहूनच गेलं.