तीस दिवसांचे मालक

मालक कुणाच्याही घरात विचारून येत नसत. आमच्या घराला तर विचारावं असं दारही नव्हतं. पत्र्याच्या खोलीला गोणपाटाचा पडदा होता. तो काठीने बाजूला सारून मालक चपलांसकट आत येत आणि "शंकऱ्या, आज खाडा का?" म्हणत. अंगात ताप असला तरी अप्पा उठून उभे राहत. आई भिंतीकडे तोंड करून मागासाठी सुताच्या कांड्या भरत राही. इचलकरंजीत मालकांचे अठ्ठेचाळीस यंत्रमाग होते, त्यांतले चार अप्पा चालवायचे. आठवड्याच्या बाजाराआधीचे दोन दिवस आमच्या कालवणात तेल नसे, आणि गणिताचं पुस्तक मी शेजारच्या मुलीकडून तासाच्या बोलीवर आणत असे.

"मी काय इचारून येत नसतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. बँकेत, लग्नमंडपात, तालुक्याच्या कचेरीत, सगळीकडे तेच. अख्खं गाव त्यांना मालक म्हणे. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते माझ्या फी-सवलतीच्या अर्जावर.

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. अर्जाला अप्पांच्या पगाराचा दाखला जोडायचा होता. पाळी सुटल्यावर अप्पा मालकांच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. तिथे तीन खुर्च्या होत्या, तिन्ही रिकाम्या. पहिल्या दिवशी मालकांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पेपर वाचला. तिसऱ्या दिवशी "कांड्या भरायला इंजिनिअर लागतो व्हय?" असं विचारून सही केली. सही केली हे मी मान्य करते. तीन दिवस उभं केलं हेही मी विसरलेले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ती पायरी चढताना अप्पांच्या पायाला गोळे आले होते.

मधली वर्षं सांगत बसत नाही. दोन हजार बारा साली मी सिंगापूरला होते. तुआसच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी, बुकित बातोकला भाड्याचा फ्लॅट. पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मिळालं तशी आई-अप्पांना लाँग टर्म पासवर बोलावून घेतलं. एका रविवारी वारं यावं म्हणून दार उघडं ठेवलं होतं, बाहेरचं जाळीचं गेट नुसतं लोटलेलं होतं. ते खडखडलं आणि चपलांसकट मालक आत. पांढरा शर्ट, तीच काठी. "शंकऱ्या, हाईस का?"

अप्पा सोफ्यावरून उठून उभे राहिले. माझ्या घरात. मी भाडं भरते त्या घरात.

पत्ता त्यांनी गावातून मिळवला होता, आणि हकीकत अशी निघाली. मालकीणबाई गेल्या होत्या. मुलाने माग भंगारात काढून तिथे मंगल कार्यालय बांधायला घेतलं होतं. मालकांनी भर चौकात, शंभर माणसांसमोर, या गावात पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं जाहीर केलं होतं. आणि आपल्या वाटणीची जमीन विकून इथे समुद्राच्या बाजूला कोंडो, म्हणजे खाजगी इमारतीतला फ्लॅट, घेतला होता, बाराव्या मजल्यावर. खाली पोहण्याचा तलाव होता. मालकांना पोहता येत नव्हतं. दारावर पितळी पाटी होती, मराठीत. ती वाचणारा अख्ख्या इमारतीत कुणी नव्हता. घर विकणाऱ्या एजंटाने फ्रीहोल्ड म्हणून सांगितलं होतं, म्हणजे मालकी कायमची. मालकांनी त्यात आपलं राहणंही कायमचं धरून टाकलं होतं. विमानतळावर पासपोर्टवर तीस दिवसांचा शिक्का पडला तेव्हा तो कारकुनाचा हलगर्जीपणा असणार, असं त्यांना वाटलं. कारकुनांबद्दल त्यांचं मत आधीपासूनच असं होतं.

मी समजावून सांगितलं. इथे पैसे असतील तर कुणीही कोंडो घेऊ शकतो. राहायची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे, ती घराबरोबर मिळत नाही. तुम्ही टुरिस्ट आहात.

"म्हंजे मी माझ्याच घरात पाव्हणा?"

"हो. तीस दिवसांचा. मी भाडेकरू आहे, पण मला कुणी जा म्हणत नाही."

हे वाक्य मी चवीने बोलले, खोटं कशाला सांगू. त्यांनी लगेच विषय बदलून माझ्या लग्नाचा काढला. इंजिनिअर पोरगी घरात ठेवणं म्हणजे बंद माग झाकून ठेवण्यासारखं, असं काहीतरी म्हणाले. आई स्वयंपाकघरात हसली, त्याचा मला जास्त राग आला.

मग दर रविवारी यायला लागले. भाकरी, खर्डा आणि वर दही. एवढ्या मोठ्या कोंडोत त्यांना साधा कुकर लावता येत नव्हता. जेवण होईपर्यंत अप्पा सोफ्याची पाठ धरून उभे. बसा म्हटलं की गुडघा आखडलाय म्हणायचे. तो गुडघा फक्त रविवारीच आखडायचा.

मालकांचा कान मात्र अस्सल होता. आवाजावरून यंत्राचं दुखणं सांगायचे. आमच्या वॉशिंग मशीनला एकदा कान लावून म्हणाले, "हिचा पट्टा सैल झालाय." दोन दिवसांनी मेकॅनिकने तेच सांगितलं. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसले की डोळे मिटून घेत आणि कुठल्या स्टेशनपुढे रूळ कुरकुरतो ते ऐकवत. अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात अप्पांचे चार माग आपल्याला वेगळे ऐकू यायचे, असं एकदा म्हणाले. "त्यातला सात नंबरचा निसता रडायचा. लई खराब माग. तुझ्या बापाला शिव्या खायाला घातल्या त्यानं." मी अप्पांकडे पाहिलं. ते दही वाढत होते. त्या बोलण्यात माया होती हे मला कळत होतं, आणि चाळीस वर्षं शिव्या देणाऱ्या माणसाने सगळं एका मागावर ढकलून मोकळं व्हावं, हेही कळत होतं.

तीस दिवस संपत आले की मालक सकाळच्या फेरीबोटीने इंडोनेशियातल्या बाटम बेटावर जात, नारळपाणी पीत आणि संध्याकाळी परत येऊन नवा शिक्का घेत. असं करू नका, ते लोक बघतात, म्हणून मी बजावलं होतं. "माझ्या घरी जायाला मी कुणाला इचारू?" हे उत्तर. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा धक्क्यावरच्या तरुण अधिकारी बाईने किती दिवस राहणार म्हणून विचारलं. लोक अशा वेळी एक आठवडा, सुट्टीला आलोय, असं काहीतरी सांगतात. मालकांनी सांगितलं, ऑलवेज. माय हाऊस. वर खिशातून विजेचं बिल आणि किल्ल्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला. पुराव्यादाखल.

दोन तास त्यांना आतल्या खोलीत बसवून ठेवलं. शेवटी एका वयस्क तमिळ अधिकाऱ्याने शिक्का मारताना काय सांगितलं, ते मालकांनी आम्हाला त्याच्या आवाजात, इथे वाक्याशेवटी लावतात त्या 'लाह'सकट करून दाखवलं. अंकल, हाऊस इज युवर्स. कंट्री इज नॉट युवर्स, लाह.

शिक्का चौदा दिवसांचा होता. फेरीचा खेळ संपला होता. आता मुदतवाढ मागायची तर इथल्या नागरिकाची किंवा पीआर माणसाची हमी हवी. नाहीतर परत गाव. ज्या चौकात शपथ घेतली तो चौक, समोर मुलाचं मंगल कार्यालय. या देशात मालकांच्या ओळखीचं पीआर माणूस एकच होतं.

फॉर्म घेऊन ते सोमवारी संध्याकाळी आले. चौदांतले नऊ दिवस गेले होते. काठी दारातच टेकवली, आवाज नेहमीपेक्षा खाली. मी फॉर्म घेतला, फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि सांगितलं, उद्या या. मंगळवारी आले तेव्हा मी लॅपटॉप उघडून बसले. बुधवारीही तेच. तिन्ही दिवस ते तासभर उभे होते. त्यांना बसा म्हणून मी म्हटलं नाही, आणि न सांगता बसायचं त्यांनाही सुचलं नाही. समोर अप्पाही उभे. दोन म्हातारे माझ्या हॉलमध्ये समोरासमोर उभे, आणि मी मान खाली घालून एकच मेल पुन्हा पुन्हा वाचतेय.

बुधवारी ते गेल्यावर अप्पा म्हणाले, "सही करणार हाईस न्हवं?"

"करणार आहे."

"मग?"

"तुम्ही तीन दिवस उभे होता अप्पा."

"मी उभा हुतो ते तुझ्या फीसाठी. तू त्याला कशासाठी उभा केलाईस?"

मी फ्रिजवरचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

गुरुवारी मी त्यांना टेबलाशी बसवून फॉर्म भरला. अर्जदाराशी नातं, असा एक रकाना होता. माझं पेन थांबलं. वडिलांचे मालक, असं नातं त्या सरकारला चालणार नव्हतं. मालक माझ्या हाताकडे बघत होते. म्हणाले, "लिही, तुझ्या घरचा पाव्हणा." मी फॅमिली फ्रेंड लिहिलं आणि सही केली.

एक महिना मिळाला. यानंतर वाढ नाही, हेही कळवण्यात आलं. त्या महिन्यात मालकांनी कोंडो विकायला काढला, गिऱ्हाईकही लागलं. पितळी पाटी स्वतः उचकटली. मुलाला फोन केला की नाही, कोण जाणे. आम्हाला एवढंच सांगितलं की गावाला जातोय, तिथे निदान कुणी दिवस मोजत नाही.

निघायच्या आदल्या रविवारी आले. दार उघडं, गेट नेहमीसारखं लोटलेलं. काठीचा आवाज ऐकू आला, पण गेट खडखडलं नाही. मी वळून पाहिलं तर मालक बाहेर व्हरांड्यात वाकून चपला काढत होते. काढून भिंतीशी नीट लावल्या.

"शंकरराव, आत येऊ का?"

अप्पा सोफ्यावर होते. माझी नजर त्यांच्या गुडघ्यांवर गेली. त्यांनी सोफ्यावर हात टेकवला, मग तो उचलून मांडीवर ठेवला. "या की मालक. बसा," म्हणाले. बसूनच.

मालक समोर बसले. आईने भाकरी टाकल्या. बोलणं फिरून मागांवर आलं, आणि मालकांनी पुन्हा सात नंबरचं रडणं काढलं.

"माग चांगला हुता मालक," अप्पा म्हणाले. "धोटा घासला हुता. बदलला असता तर सुतासारखा चालला असता."

मालक बघतच राहिले. "आरं, मग तवा सांगायचं न्हाई?"

"तुम्ही कवा इचारलं न्हाई."

मालकांनी काठीची मूठ फिरवली. मग आपणहून भाकरीचा दुसरा तुकडा मोडून घेतला आणि कांडी घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा धोटा घासला की आवाज नेमका कसा येतो, ते अप्पांना विचारायला लागले. अप्पांनी टेबलावर बोटं आपटून दाखवला.

मी डिग्री मिळवली, नोकरी मिळवली, पीआर मिळवलं. त्या रविवारी माझे वडील मालकांसमोर दोन तास बसले.