विळीवरचा राजा

सुरमईचं डोकं उडवताना माझी विळी जराही हलत नाही, कारण पात्याच्या बुडाशी एक राजा ठोकलेला आहे. तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा, आणि खिळा थेट त्याच्या कपाळातून आरपार.

नवी सून असताना मी डोळे मिटून मासे कापायची, वर त्यांची माफीही मागायची. काय ती शूर बाई! ढिलं पातं डुगडुगायचं, माझं बोट सोलून निघायचं आणि मासा अर्धवट लोंबत राहायचा. शेवटी सासूबाईंनी पात्याच्या फटीत हे नाणं बसवून वरवंट्यानं हा खिळा हाणला. "आता तरी लाग कामाला," म्हणाल्या. नाण्याला की मला, ते विचारायची माझी छाती नव्हती.

बिचाऱ्याचं राज्य गेलं, फौज गेली. रोजचं रक्त तेवढं सुटलं नाही.

काल नाणी जमवणारी माझी नात पक्कड घेऊन आली. "आजी, काढते हं मी हे."

"काढ की. पातं हलेल आणि बोट तुटेल."

"कुणाचं?"

"तुझं. मग मासे तूच कापायचेस."

तिनं पक्कड ठेवली, पण उठताना अंगठ्यानं राजाचं तोंड पुसलं. मी लगेच पुढचा मासा घेतला.