पेटीच्या बाईंचे कान

पेटीच्या बाईंना पाठीलाही कान होते. सकाळच्या प्रार्थनेला त्या आमच्याकडे पाठ करून पेटी वाजवत बसायच्या आणि मागे अख्खी शाळा गात असायची. प्रार्थना संपली की मान न वळवता म्हणायच्या, "तिसऱ्या रांगेतली कोणीतरी वर जात होती. उद्या खाली ये गं." ती वर जाणारी बहुतेक वेळा मीच असायचे.

आमची नारायण पेठेतली मुलींची शाळा. सातवीत मी समूहगीत स्पर्धेला हट्टाने नाव दिलं. बाई कोणालाच काढून टाकायच्या नाहीत, मलाही काढलं नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव. पण शब्द खरे म्हण, मनात. नाटक नको." आमचा पहिला नंबर आला. ढालीबरोबरच्या फोटोत सगळ्यांत मोठं तोंड माझंच उघडं आहे. त्यानंतर मी कधी गायले नाही. पुढे लेकीला झोपवतानाही थोपटत थोपटत पाढे म्हटले.

त्याच शाळेत मी गणित शिकवायला लागले आणि बाईंची सहकारी झाले. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की संगीताचा, चित्रकलेचा, नाहीतर खेळाचा तास मागून घ्यायचा, हा आमच्याकडचा रिवाजच. मी दारात दिसले की बाई म्हणायच्या, "या गणितबाई, आपलीच वाट बघत होते. न्या तास. त्रैराशिकं तालात सोडवून घ्या म्हणजे झालं." मी हसायचे आणि तास घेऊन जायचे. किती नेले, ते आठवलं की आता लाज वाटते.

त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. संमेलनाच्या तालमी चालल्या होत्या आणि मी नेहमीप्रमाणे तास मागायला गेले. मुलींचं गाणं संपलं, त्या गप्प झाल्या, पण बाई वाजवतच राहिल्या. एक अख्खं कडवं वाजवलं. मुली एकमेकींना कोपराने ढोसून खुसखुसायला लागल्या. बाईंनी वर पाहिलं, आधी मुलींकडे, मग माझ्याकडे. पेटी मिटली आणि मुलींना वर्गात पाठवलं.

"कधीपासून?" मी विचारलं. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"वर्ष होईल. यंत्र लावलं तर बोलणं थोडंफार कळतं. सूर म्हणजे नुसता पत्र्याचा खडखडाट." मग म्हणाल्या, "एवढं संमेलन होऊ दे गं. मुलींना नीट उभं करून जाईन. तोवर कोणाला सांगू नकोस."

बाईंनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मला माहीत नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नाही. पण बाईंचे कान व्हायला अख्ख्या शाळेत मीच उरावं, ही थट्टाच होती. मला कुठला सूर कळायला! शेवटी एक युक्ती सापडली. पुढच्या रांगेत आठवीतली एक सुरेल मुलगी होती. शेजारचं कोणी घसरलं की ती नाक मुरडायची. मी पेटीपाशी उभी राहून तिच्या नाकावर लक्ष ठेवायचे आणि ते मुरडलं की बाईंच्या खांद्याला बोट लावायचे. बाई लगेच थांबायच्या. "पुन्हा घ्या." महिनाभर आमचं दोघींचं संगीत त्या पोरीच्या नाकावर चाललं. त्या महिन्यात मी एकही तास मागितला नाही. संमेलनात गाणी छान झाली, असं सगळे म्हणाले. टाळ्या पडल्या तेव्हा बाई लोकांचे हात बघत होत्या.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणाला घेतलं नाही. पेटी खेळाच्या खोलीत गेली, तिच्यावर लेझिमांचा ढीग पडला. बाई खडकीला पुतण्याकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जायचे. दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या.

"प्रार्थना म्हण," त्या म्हणाल्या.

"मला कुठे येते, बाई?"

"तुला गप्प केलं ते माझं चुकलं. ढालीपायी केलं. आता म्हण."

मी दार लोटलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी प्रार्थना म्हटली. आवाज फाटत होता, कुठेही जात होता, आणि मध्येच रडू आलं. बाईंची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. चादरीवर बोटांनी ताल चालला होता. संपल्यावर म्हणाल्या, "आज सुरात होतीस."

मी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात बाई गेल्या.

आता प्रार्थना स्पीकरवर लागते. गाणारीचा आवाज गोड आहे, सुरेल आहे, आणि मुली तिच्या आवाजावर नुसते ओठ हलवतात. मी मागे उभी राहून मोठ्याने म्हणते. शेवटच्या रांगेतल्या मुली माना वळवून बघतात, तेव्हा कळतं की मी वर चालले आहे. प्रार्थना संपते. खाली ये गं, असं कोणी म्हणत नाही. मी थोडा वेळ थांबते आणि मग वर्गावर जाते.