एकशे त्रेचाळिसावं पान

चष्मेवाला आणि त्याचा थोरला भाऊ घड्याळजी, दोघांचं दुकान एकच. डावीकडे चष्मे, उजवीकडे घड्याळं आणि मधे कमरेएवढं काचेचं कपाट. पंखाही एकच, आणि त्याचं बटण घड्याळजीच्या बाजूला. त्यामुळे गेले सात महिने चष्मेवाल्याला उकडायला लागलं की तो समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "जरा त्या गृहस्थांना सांगा, पंखा लावा म्हणावं." गिऱ्हाईक बिचारं सांगायचं. तिकडून उत्तर यायचं, "त्यांना सांगा, लावतो. पण माझी बारीक चाकं उडाली तर शोधायला यावं लागेल." हातभर अंतरावरून हे असं! शुद्ध वेडेपणा, दुसरं काय.

आणि कारण ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. फुटबॉल! बरं, दोघं एकाच क्लबचे, तेही लहानपणापासून. गोलपोस्टमागे कट्टर चाहत्यांचा कोपरा, त्या सगळ्या जमावालाच 'कोपरा' म्हणायचे; तिथे दोघांच्या खुर्च्या शेजारीशेजारी. चष्मेवाला तर कोपऱ्याचा झेंडेकरी. वीस वर्षांत त्याने एकही मॅच धड पाहिली नव्हती, कारण झेंडा सतत डोळ्यांसमोर. मग क्लबने कमाईपेक्षा जास्त पैसे उधळले, ते लीगच्या नियमात बसेना आणि लीगने नऊ गुण कापले; क्लबने लवादाकडे अपील केलं. कोपरा पेटून उठला. एकटा घड्याळजी शांतपणे म्हणाला, "बरोबरच केलं. नियम मोडला ना? मग भोगा."

चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हातात झेंडा होताच. चारशे माणसांसमोर तो गरजला, "लवाद आपल्या बाजूने निकाल देत नाही, तोवर या माणसाशी मी एक अक्षर बोलणार नाही!" कोपऱ्याने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातंय!

आता कोपऱ्याचा एक रिवाज असा, की झेंडा धरून बोललेला शब्द माघारी घ्यायचा नाही. कोपऱ्यातला प्लंबर एकदा झेंडा धरून म्हणाला होता, की क्लब बाहेरच्या मैदानावर जिंकेपर्यंत दाढी करणार नाही. त्याची दाढी आता पाइपांच्या पेचात अडकते, पण माणूस हटत नाही.

त्यातच घड्याळजीने जायचं ठरवलं. गुडघे गेले, जिने चढवेनात. दुसऱ्या गावी मुलगी होती, तिच्याकडे कायमचा. रविवारची सकाळची बस. ही बातमीसुद्धा चष्मेवाल्याला एका गिऱ्हाइकाकडूनच कळली. त्याचं जेवणावरचं मन उडालं. चाळीस वर्षं शेजारी बसलेला भाऊ असा मुक्यानेच जाणार?

"अहो, जा आणि बोला," बायको म्हणाली. "लवाद काय आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसलाय?"

"झेंडा धरून बोललोय गं."

"मग तो माझ्याकडे द्या. मलाही चार शब्द बोलायचेत."

लवादाचा निकाल गुरुवारी सकाळी लागायचा होता. रविवारच्या आत, हे नशीबच. अकरा वाजता निकालाचे एकशे अठ्ठ्याण्णव कागद घेऊन कोपरा चष्म्याच्या दुकानात घुसला. अक्षर बारीक होतं आणि इथे चष्मे फुकट होते. कोपऱ्यातले एक रिटायर्ड गणिताचे मास्तर म्हणाले, "अकरा माणसं, प्रत्येकी अठरा पानं. पटकन उरकेल." झालं! टीम उभी राहिली. कोणी स्टुलावर, कोणी पायरीवर, कोणाच्या नाकावर बायकी फ्रेम. खुर्चीत एक मावशी नंबर तपासायला बसल्या होत्या, तपासणीची लोखंडी फ्रेम डोळ्यांवर चढवून. चष्मेवाला त्यांना "दोनच मिनिटं हं मावशी" म्हणाला आणि विसरला. स्वतः मात्र त्याने एकही पान घेतलं नाही, नुसत्या काचा पुसत राहिला.

पलीकडे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

वीस मिनिटांनी प्लंबर ओरडला, "पान एक्केचाळीस! ऐका! 'सदर नियम अन्यायकारक असून गुण कापण्याची शिक्षा रद्द करण्यात यावी!' लिहिलंय रे, स्पष्ट लिहिलंय!"

पहिल्या साठ पानांत क्लबने आपलं म्हणणं मांडलेलं असतं आणि लवाद बोलतो तो नंतर, हे त्या अकरा जणांत एकालाही ठाऊक नव्हतं. असणार कसं? निकाल कोण कधी वाचतो? ढोल वाजला, कोपरा रस्त्यावर उतरला, दोन बसगाड्या अडकल्या आणि एका अनोळखी पोस्टमनला खांद्यावर घेतलं गेलं.

चष्मेवाला मात्र रस्त्यावर गेला नाही. तो या वयात कपाटावरून उडी मारून पलीकडे गेला आणि भावाच्या गळ्यात पडला. घड्याळाचं एक चाक टुणकन उडालं. "दादा! जिंकलो रे दादा!"

घड्याळजीने भिंग काढलं नाही. त्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "हो रे," तो म्हणाला, "जिंकलो."

मग दोघं जमिनीवर रांगत चाक शोधू लागले आणि सात महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. गुडघ्याला काय लावतोस, मुलीचं घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, आणि तो पंखा तू मुद्दाम बंद करायचास ना रे? "मुद्दामच," घड्याळजी म्हणाला. "तेवढाच तुझा निरोप यायचा."

इतक्यात बेकरीवाला दारात आला. तो ओठ हलवत, सावकाश वाचणारा माणूस; नाचायला न जाता पायरीवर वाचतच बसला होता. "मी एकशे त्रेचाळिसाव्या पानावर आहे," तो म्हणाला. "इथे म्हणतायत, 'सबब क्लबचे अपील फेटाळण्यात येत आहे.' हे चांगलं असतं का?"

ढोल थांबला. पोस्टमनला खाली ठेवण्यात आलं.

हरलेला कोपरा दुकानात परतला, आणि लवादापुढे काही करता आलं नाही म्हणून इथेच कायदा चालवायला लागला. मास्तरांनी काउंटरवर पट्टी आपटली. "झेंडेकरी बोलले ते चुकीच्या माहितीवर. सबब ते बोललेच नाहीत असं धरण्यात येत आहे. शपथ कायम!" कोणीतरी म्हणालं, बोलले ती दहा मिनिटं पुढे भरून घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

चष्मेवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो भावाकडे बघत होता. या माणसाला धक्का कसा बसला नाही? "दादा, तुला माहीत होतं?"

"सकाळीच वाचलं, फोनवर. अख्खं. भिंग आहे की माझ्याकडे."

"मग बोलला का नाहीस?"

"सात महिन्यांनी दादा म्हणालास," घड्याळजी म्हणाला. "तेव्हा मी काय एकशे त्रेचाळिसावं पान काढत बसू?"

 चष्मेवाला उठला, कपाटाला टेकवलेला झेंडा उचलून त्याने मास्तरांपुढे धरला. "मी नियम मोडतोय. शुद्धीवर, सगळ्यांदेखत. काय शिक्षा असेल ती करा."

मास्तर गडबडले. असा गुन्हेगार त्यांना वर्गातही भेटला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "दहा सामने झेंडा बंद." चष्मेवाल्याचा चेहरा पडला, वीस वर्षांत तो झेंडा दुसऱ्या हातात गेला नव्हता. तरी त्याने दिला. "भोगतो," तो म्हणाला.

"झालं का तुमचं?" खुर्चीतून मावशी म्हणाल्या. "मला इथून चार भाऊ दिसतायत आणि चारही रडतायत. पंखा तरी लावा कोणीतरी."

शनिवारी मॅचला दोघं शेजारीशेजारी बसले. चष्मेवाल्याने वीस वर्षांत पहिल्यांदा अख्खी मॅच पाहिली आणि क्लब इतका वाईट खेळतो हे बघून हबकला. तीन-शून्यने हरले. "बरोबरच हरले," घड्याळजी म्हणाला.

झालं, चष्मेवाल्याच्या अंगाचा परत तिळपापड! मैदानातून घरापर्यंत तो भांडला, जेवताना भांडला. रविवारी सकाळी बॅग उचलून बसस्टँडपर्यंत भांडतच गेला. रेफरी, नियम, नऊ गुण, सगळं. बस हलली तसा तो दोन्ही हातांनी खिडकीची दांडी धरून शेजारून धावायला लागला, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"पोचलास की फोन कर!" तो ओरडला. "माझं अजून संपलेलं नाही!"